तरुणांचे प्रश्न, काकांची उत्तरं

हिंगोलीच्या स्टेशनावर उतरले तेव्हा मी उत्साहात होते, हे आधीच कबूल करते. पिशवीत टॅब होता, टॅबमध्ये सर्वेक्षणाचे वीस प्रश्न होते आणि शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा: तुम्हाला सर्वांत जास्त चिंता कशाची वाटते? उत्तरं फक्त अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींची हवी होती. कुरुंद्याच्या एसटीतून मी रस्त्याकडेला वाळणारी हळद हरखून बघत होते. पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

चौकातल्या हॉटेलात (इकडं चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात) चार पोरं बसली होती. रीत म्हणून मी आधी शेजारच्या आजोबांची परवानगी मागितली. त्यांनी परवानगी दिली आणि पाठोपाठ उत्तरंही. बेरोजगारी लिहा, म्हणून चौघांचा निकाल एका दमात लावला. एका पोराला मी खोदून विचारलं, तर म्हणे, बाबा म्हणतेत ते बराबर हाय. आजोबांनी चहा मात्र दोनदा पाजला.

दुपारपर्यंत हेच. एका घरी वडील बोलले, दुसऱ्या घरी थोरला भाऊ. तिसऱ्या घरच्या मोठ्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला, मुलाला पाणी आणायला पिटाळलं आणि तो येईपर्यंत त्याची चिंता मला सांगून टाकली. जेवण झकास होतं, डोकं फिरलं होतं. बरं, जेवू घालणाऱ्यावर चिडायचं तरी कसं?

संध्याकाळी एका शेतात हळद शिजत होती. कुकरची (हळद उकडायच्या लोखंडी पिंपांची) वाफ डोळ्यांत जात होती. एकोणीस वर्षांची निर्मला उकडलेली हळद पसरत होती. तिचे काका जाळ सारत होते. मी सवयीनं त्यांच्याकडेच गेले. तिला काय इचारता, व्यसनाधीनता लिहून टाका, म्हणाले आणि लाकडं आणायला बांधाकडं गेले.

निर्मला जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी बी आधी काकालाच इचारलं. काहून?"

दिवसभर ज्यांच्यावर चरफडत होते, त्यांच्या हाती टॅब मीच देत आले होते. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

मग तिनं सांगितलं. कॉलेजातलं प्रॅक्टिकल उशिरा सुटतं, तोवर शेवटची एसटी गेलेली असते, घरी यायला परक्या माणसांनी भरलेली जीपच मिळते, म्हणून काकांनी तिचं कॉलेज बंद केलंय. परीक्षेचा फॉर्म भरायला सोमवारपर्यंतच मुदत आहे. मी काकांशी बोलू का, असं विचारलं, तर तिनं मान हलवली.

"तुमी नका बोलू. ते आल्यावर मलाच इचारा, मोठ्यानं. त्यायच्यासमोर मी कधी बोलले न्हाई."

काका आले. मी वीसच्या वीस प्रश्न तिला विचारले. ते दोनदा मध्ये बोलले, दोनदा मी त्यांना थांबवलं. शेवटच्या प्रश्नाला जीप, प्रॅक्टिकल, सोमवार, सगळं तिनं सांगितलं. काकांनी आणलेली लाकडं जाळात सारली. मग म्हणाले, "लिहा ती म्हणती तसं. माझं नाव तेवढं घालू नका."

परतीच्या गाडीत मी बाकीची सगळी उत्तरं पुसून टाकली. ऑफिसात बोलणी बसणार होती, बसोत. तिथल्या मुलांना कशाची चिंता वाटते, असं आता कुणी विचारलं, की मी एवढंच सांगते: मला एकीचीच माहीत आहे. तिनं सोमवारी फॉर्म भरला का, ते मात्र माहीत नाही.