कोऱ्या कागदावरचं तांबं

"कोऱ्या कागदावर तांबं कुठून आलं, उखाभाऊ?"

"मला काय विचारता, बेन? तुमच्या मशीनला विचारा."

"मशीनला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं."

"मग चौथ्यांदा विचारा."

"एक नाही, दोन नाही, सहा कागद! हवेचा एक घोट त्यांच्यातून ओढलेला नाही, आणि तांबं जवळजवळ तितकंच, जितकं भट्टीच्या धुरातल्या कागदांवर आहे. काहून बोलत नाही आता?"

जयश्रीच्या तोंडून 'का'ऐवजी 'काहून' निघालं म्हणजे ती खरोखर तापली होती. एरवी ती लॅबमध्ये पुस्तकातलं मराठी बोलायची आणि साहेबांशी गुजराती. तिच्यातली अमरावती बाहेर पडायची ती फक्त रागात. उखाला हे दोन वर्षांत पाठ झालं होतं. तो दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला, हात मागे, नजर समोरच्या भिंतीवर. पूर्वी लूमच्या खात्यात, मागांच्या कारखान्यात, शेठ ओरडायला लागला की तो असाच उभा राहायचा.

भांडण होतं कोसाडच्या कामावरून. सुरतेच्या टोकाला असलेल्या कोसाडच्या वसाहतीमागे एकाने जुन्या साड्यांचे काठ जाळून त्यातलं तांबं-चांदी गाळायची भट्टी टाकली होती. धूर थेट घरांवर यायचा. वसाहतीने तक्रार केली, तेव्हा हवा तपासायचं काम या लॅबकडे आलं. वसाहतीतल्याच शालिग्राम टेलरच्या गच्चीवर हवा ओढायचं मशीन बसलं. पत्र्याचं छप्पर, खाली जाळी, जाळीवर वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा पांढरा कागद. दिवसभर मशीन हवा ओढणार आणि धूळ कागदावर राहणार. दर आठवड्याला एक कागद मात्र नुसताच गच्चीपर्यंत न्यायचा, जाळीवर टेकवायचा, मशीन चालू न करता परत आणायचा. त्याला म्हणायचं ब्लँक. कागदाची ने-आण करताना त्याला काही लागलं तर ब्लँक ते ओकून दाखवतो. सहा आठवड्यांचे सहा ब्लँक जयश्रीने काल आम्लात उकळले होते, आणि सहाही तांबं ओकले होते.

"मी तुम्हाला सरळ विचारते," जयश्री म्हणाली. "तुम्ही राहता कुठे?"

"कोसाडला. सगळ्या लॅबला माहीत आहे."

"भट्टी कुठे आहे?"

"माझ्या घरामागं."

"तक्रारीच्या अर्जावर सह्या कोणाच्या?"

"ऐंशी माणसांच्या."

"त्यात तुमची?"

"आहे. का नसावी? धूर काय माझं घर चुकवून जातो?"

"मग भट्टीवाल्याचा वकील काय म्हणेल, सांगा बरं. म्हणेल, कागद नेणारा माणूस वसाहतीतलाच. घरात बसून साडीची जरी चोळली त्यानं कागदाला!"

"जयश्रीबेन!"

उखाचा आवाज एवढा चढला की पलीकडे बाटल्या धुणारी बाई नळ बंद करून ऐकू लागली. पंधरा वर्षं लूमवर काढल्याने त्याला स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नसे.  जरी. तो शब्द कानात शिरला, आणि उखाच्या डोळ्यांपुढे एक फडकं आलं.

अमळनेरकडून तो सुरतेला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या बोटांना एक कसब होतं. हजार धाग्यांत तुटलेला एक धागा तो न बघता चाचपून काढायचा. पण एक कान गेला, दुसरा जायला लागला, तेव्हा त्याने लूम सोडलं. लॅबमध्ये तो झाडू मारायला म्हणून लागला. तिथे मशीनला लावायचे काचेच्या तंतूंचे कागद यायचे. कडक, ठिसूळ, घडीवर फाटणारे, कडेला कोंडा गाळणारे. फील्डवर जाणारी पोरं दहातले तीन फाडून आणायची, आणि फाटला की धुळीचं वजन गेलं, दिवस गेला. उखाने एकदा साहेबांपुढे तो कागद उचलून जाळीवर बसवून दाखवला. त्या दिवसापासून झाडू सुटला. दोन वर्षांत उखाच्या हातून एकही कागद फाटला नव्हता. लॅबचे साहेब नटुभाई पाहुणे आले की त्याला हाक मारून कौतुकाने दाखवायचे, "जुओ, आ अमारा कारीगर!"

गुपित साधं होतं. हिवाळ्यात हवा कोरडी पडली की ताण्याचे धागे तटातट तुटतात, म्हणून कारीगर लूमच्या बीमवर, ताण्याच्या रुळावर, ओलं गोणपाट टाकतात. उखाने तेच केलं. पहाटेच गच्चीवर जायचं असे, म्हणून आदल्या दिवशी वजन केलेले कागद तो घरी न्यायचा, आणि डब्यात वर-खाली ओलसर फडकं घालून ठेवायचा. कागद नरम यायचा, घडीवर तडकत नसे. परत आल्यावर जयश्री त्याला निळ्या खड्यांच्या काचेच्या हंडीत एक दिवस सुकवायची, ओल उडून जायची, वजनात काही दिसायचं नाही. कोसाडसाठी कागद बदलला, तरी त्याची ही सवय बदलली नाही. कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. कारीगर आपल्या हातची युक्ती सांगत सुटत नसतो.

फडकं सुंदराचं होतं. सुंदरा, त्याची बायको, घरात बसून पर्वत पाटिया भागातल्या व्यापाऱ्याची खोटी जरी गुंडाळायची. तांब्याची केसासारखी तार, वर चांदीचा नुसता हात. तार गुंडाळताना बोटं पुसायला तिला जुन्या पातळाची मऊ फडकी लागत. भट्टीच्या धुराने तीच जरी काळी पडून परत यायला लागली होती. काही महिन्यांपूर्वी अख्खं खोकं परत आलं, म्हणून तक्रारीवर सही करायचा तगादा तिनेच लावला होता. उखाने दोरीवरचं फडकं ओढलं की ती ओरडायची, "ते काब्र उचलतस? मनं कामनं फडकं शे ते!" आणि उखा म्हणायचा, "तुझ्या कामाचं असू दे, धुतलेलं आहे ना? मग झालं."

धुतलेलं होतं. कधी नुसतं पिळलेलं होतं.

"गप्प का झालात?" जयश्रीने विचारलं. "वकील इतकंच विचारेल. तेव्हाही असेच गप्प राहणार?"

उखाने तिच्याकडे पाहिलं, आणि उत्तराऐवजी जुना हिशेब काढला. "काचेचा कागद ठेवला असता तर ही वेळ आली नसती. डिसेंबरात मी म्हटलं होतं की नाही?"

"परत तेच? शंभरदा सांगितलं. काचेच्या कागदात मुळातच धातू असतात. जस्त असतं, आणखी चार भानगडी असतात. वजन करायला तो चांगला. धातू शोधायचा तर कागदच साधा पाहिजे, आम्लात विरघळणारा. म्हणून सेल्युलोजचा घेतला."

"तुमचा सेल्युलोज पाणी पितो."

"पितो. म्हणून त्याच्यावर धुळीचं वजन मी करतच नाही."

"हवा अडवतो. दुपारपर्यंत मशीन रडायला लागतं."

"तेही माहीत आहे. तरी तांब्यासाठी तोच बरोबर. कागद कसा निवडायचा हे मी शिकले आहे, उखाभाऊ. तुम्ही बोटानं चोळून, कापडाचा पोत बघितल्यासारखं ठरवता."

"बोटानं चोळून ठरवलं म्हणून दोन वर्षं तुमचे कागद शाबूत आले!"

"बोटानं? म्हणजे चिमटा वापरत नाही तुम्ही?" जयश्री एक पाऊल पुढे आली. "भिंतीवर लिहून लावलंय, हात लावायचा नाही म्हणून!"

"इंग्रजीत लावलंय. मी चौथी शिकलो."

"मग विचारायचं!"

"तुम्हाला? तुम्ही कधी माझ्याशी बोलता का, चूक सापडल्याशिवाय?"

 जयश्री टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिली, आणि तेवढ्यात नटुभाई आत आले. त्यांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला.

"जयश्रीबेन, लॅबमध्ये ठेवलेला कोरा कागद आहे ना? जो बाहेर गेलाच नाही?"

"आहे. तो स्वच्छ आहे."

"पूरुं थयुं, झालं. तोच ब्लँक म्हणून लावा."

"आणि हे सहा?"

"हे सहा पडले. गच्चीवर पडले, खराब झाले. उखा फील्डच्या नोंदीच्या कागदावर लिहून देईल." त्यांनी पेन उखाकडे सरकवलं. "सोमवारी रिपोर्ट द्यायचा आहे. तुझ्या वसाहतीचंच भलं आहे, भाई. भट्टी बंद थशे."

जयश्रीने श्वास सोडला. "फील्डवर काय घडलं ते उखाभाऊच सांगू शकतात. ते लिहितील ते मला मानावं लागेल." मग उखाकडे न बघता तिने जोडलं, "विश्वास मात्र बसणार नाही."

"तुमचा विश्वास मागितलाय कोणी?" उखा म्हणाला.

तो टेबलाशी आला. फील्डचा छापील कागद समोर होता. तारीख, वेळ, मशीनचा नंबर आणि खाली 'ब्लँकची स्थिती' असा रकाना. तीन शब्द लिहायचे होते. धूर तर खोटा नव्हता. तो रोज सकाळी त्याच्या घशात उतरत होता, सुंदराच्या जरीवर बसत होता. सोमवारी रिपोर्ट गेला की भट्टीला टाळं. शालिग्रामने दारोदार फिरून सह्या घेतल्या होत्या, आणि रोज सकाळी जिन्यात तो एकच विचारायचा, "आलं का रे तांबं तुझ्या कागदात?"

उखाने 'ब्लँक' लिहिलं. मग 'खाली' लिहिलं. 'पडले' लिहायला हात पुढे गेला आणि थांबला.

"माझ्या हातून कागद पडला, असं लिहू?"

"हा, लख ने!"

"एक नाही, सहा?"

"अरे, त्याने काय फरक पडतो?"

"मला पडतो." उखाने लिहिलेलं आडवी रेघ मारून खोडलं. "पडायचे असते तर दोन वर्षांत पडले असते. माझ्या हातून कागद पडत नाही, साहेब."

नटुभाई हसले. "वाह रे कारीगर! मग काय लिहिणार?"

उखा वाकून लिहायला लागला. मोठी, लूमच्या हजेरीतली अक्षरं रकान्याबाहेर सांडत गेली. लिहून झाल्यावर त्याने कागद नटुभाईंकडे न देता जयश्रीपुढे टाकला. तिने मोठ्याने वाचलं.

"ब्लँक पडले नाहीत. फाटले नाहीत. सगळे कागद, ब्लँक आणि धुराचे दोन्ही, रोज आदल्या संध्याकाळी घरी ओल्या फडक्यात ठेवले. फडकं बायकोचं, जरी पुसायचं होतं. उखा."



"जरी पुसायचं?" जयश्री म्हणाली. "ओलं? सेल्युलोजला?" तिने कपाळाला हात लावला. "फडक्यातलं पाणी प्यायला तो, आणि पाण्याबरोबर तांबं. धुराचे कागदही गेले मग. सगळेच गेले! सहा आठवडे!"

"कागद तुम्ही निवडला होता."

"कागद बरोबर होता! हे मला दोन वर्षांत एकदा सांगता आलं नाही?"

"तुम्ही आज सकाळपासून चोर कोण, ते विचारलं. कागद ठेवतो कसा, हे कधी विचारलंत?"

"आणि काचेचे? इच्छापोरच्या कामाचे, मागच्या वर्षीचे? तेही फडक्यातच?"

"तेही."

जयश्री कपाटाकडे वळली आणि जुन्या फायली एकेक करून टेबलावर आपटू लागली. इच्छापोरला नुसतं वजनच केलं होतं, धातू नाही, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. पण आवाजात दिलासा नव्हता. उखाकडे तिने पाठ केली ती केलीच.

नटुभाईंनी फील्डचा कागद उचलला. तो फाडायला त्यांनी दोन्ही हातांत धरला, मग बाटल्या धुणारी बाई दारात आलेली पाहून परत ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"एक कागद पडला असं लिहायला तुझी आबरू गेली, आणि हे लिहायला नाही गेली? भट्टी चालू राहणार आता. नवा कागद, नवी परवानगी, पुन्हा सहा आठवडे, आणि तोपर्यंत तो वकील सगळीकडे सांगत फिरणार की वसाहतीनेच तांबं लावलं. सांग, शालिग्रामला कोण सांगणार? तुझ्या बायकोला कोण सांगणार, की तिच्याच फडक्यानं भट्टी वाचवली? बोल ने, उखा! कोण सांगणार?"

उखाने पेनाचं टोपण लावलं, पेन साहेबांपुढे सरळ ठेवलं, खुंटीवरून डब्याची पिशवी घेतली. दारातल्या बाईने अंग चोरून वाट दिली. तो जिना उतरून कोसाडकडे, शालिग्रामच्या घराकडे निघाला.