धडधाकट रोगी

ऐंशी सालाच्या आगेमागे मी वाशीत एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर होतो. ऑफिस म्हणजे नव्या इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत पक्षकार, आतल्या खोलीत साहेब, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर टाइपरायटर नि मी. नवं शहर उभं राहत होतं, गावोगावच्या जमिनी जात होत्या, त्यामुळे साहेबांना जेवायला फुरसत नव्हती.

रोज सकाळी साहेब पेपरातल्या कोर्टाच्या बातम्या मोठ्यानं वाचत आणि त्यावर शेरे मारत. बाहेर बसलेले पक्षकार हसत. आपली केस ज्याच्या हातात आहे त्याच्या विनोदाला हसावंच लागतं. मीही हसायचो, आणि मनात म्हणायचो, यापेक्षा बरं मी लिहीन. तेव्हा वाशीतून एक चार पानी साप्ताहिक निघायचं. त्याच्या संपादकाला मी भेटलो आणि कोर्टकचेरीच्या बातम्यांवर खुसखुशीत सदर सुरू केलं, अर्थात टोपणनावानं. 'जलद न्याय' या विषयावर मोठा परिसंवाद होता, म्हणून त्या दिवशीच्या सगळ्या कामांना पुढची तारीख मिळाली, या बातमीवर माझा पहिला लेख होता. बाररूममध्ये तो मोठ्यानं वाचला गेला. मी कोपऱ्यात बसून कान टवकारून ऐकत होतो. माझं डोकं फिरलं ते त्या दिवसापासून.

साहेबांकडे माझं मुख्य काम होतं मुदतीचे अर्ज लिहिणं. तारीख असायची, साहेब दुसऱ्या मोठ्या कामात असायचे, आणि मग जिल्ह्याच्या कोर्टात जाऊन पुढची तारीख मागायची. कारण काय द्यायचं? वकिलाला सवड नाही असं लिहायची पद्धत नव्हती. आजारी पडायचा तो पक्षकार. सगळेच वकील तसं करायचे. समोरचा वकील अर्जावर 'हरकत नाही' असं लिहायचा, कारण पुढच्या महिन्यात त्याचाही पक्षकार आजारी पडणार असायचा. एकमेकांची अशी काळजी घेणारा दुसरा धंदा मी पाहिला नाही.

आमचा सगळ्यात जास्त आजारी पक्षकार घणसोली गावातला एक म्हातारा होता. सत्तरी ओलांडलेला, काळाकभिन्न, खाडीत आणि मिठागरात आयुष्य काढलेला. दातांनी ऊस सोलेल अशी तब्येत. त्याच्या घरापासून रस्त्यापर्यंत जुनी वाट होती. चुलतभावानं जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांच्या कामगारांना भाड्यानं द्यायला त्या वाटेवर खोल्या काढल्या, आणि म्हाताऱ्याला उरली जेमतेम एक माणूस अंग चोरून, आडवा होऊन जाईल एवढी बोळ. त्याचा दावा त्या वाटेसाठी होता.

पहिल्याच भेटीत तो साहेबांना म्हणाला, "सायेब, मना जित्तेपनी वाट नय मिलाली तरी चालंल. आडवा व्हऊन जातंय मी. पन मेल्यावं माजी तिरडी कुठून नेतील? चार मानसा खांदा लावून कशी चालतील?"

साहेब हसले. मीही हसलो. त्याला मात्र हसू आलं नव्हतं, त्याला खरंच तीच काळजी होती.

गावठाणाचा नकाशा कुठेच नव्हता. कागद नाही, मोजणी नाही. वाट केवढी होती हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, तो स्वतः. त्याच्या बापाची तिरडी त्या वाटेनं गेली होती, आणि खांदा देणाऱ्या चौघांत तो होता. उजव्या अंगाला कोण, डाव्या अंगाला कोण, कुंपणाला कोणाची कोपरं घासली, सगळं त्याला पाठ होतं. साहेब मला म्हणालेही होते, "या म्हाताऱ्याची आठवण हाच आपला पुरावा. बाकी फाइल म्हणजे रद्दी."

साक्षीसाठी तो दर तारखेला धुतलेला सदरा घालून सकाळी कोर्टात हजर असायचा. आणि साहेब नसायचे. मग मी त्याला बाहेर चिंचेखाली नेऊन बसवायचो, कारण 'वादी आजारी असल्याने येऊ शकला नाही' असा अर्ज द्यायचा आणि वादी पहिल्या बाकावर बसलेला, हे बरं दिसलं नसतं. अर्जावर त्याचा अंगठा घ्यायचो. तो विचारायचा, "कय लिवलंय?"

"तुमच्या तब्येतीचं लिहिलंय."

"बरा लिवा," म्हणायचा, आणि अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसून टाकायचा.

पहिल्यांदा मी त्याला साधा ताप आणला. मग कावीळ. मग हर्निया, मोतीबिंदू, विषमज्वर. पुढे पुढे मला त्यात कारागिरी सुचू लागली. एकच रोग दोनदा द्यायचा नाही, असा माझा बाणा होता. दहाव्या की अकराव्या तारखेला रोग संपले. समोर तो चिंचेखाली बसून शेंगा फोडून खात होता. मी टाइप केलेल्या अर्जात रिकामी ठेवलेली जागा हातानं भरली: 'वादी यांना गेल्या दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंशाचा त्रास असून अलीकडे त्यांना काहीएक आठवत नाही.' समोरच्या वकिलानं न वाचता 'हरकत नाही' लिहिलं. कोर्टानं न वाचता तारीख दिली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात यशस्वी ओळ कोणीच वाचली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी ती सदरात वापरली. नाव नाही, गाव नाही. 'आमचा धडधाकट रोगी' असा मथळा दिला, त्याच्या सगळ्या आजारांची मिरवणूक काढली, आणि शेवटी लिहिलं की आता तर बिचाऱ्याची आठवणही गेली, पण तारीख मात्र तो एकही विसरत नाही. बाररूममध्ये लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त हसले ते म्हाताऱ्याच्या चुलतभावाचे वकील. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, स्वतःच्या खर्चानं चहा पाजला, आणि विचारलं, "हे लिहितं कोण रे? हुशार आहे हां." मी लाजलो. बैल होतो मी, निव्वळ बैल. त्या लाजण्यात त्यांना लेखकाचं नाव मिळालं, आणि फाइलमध्ये काय शोधायचं तेही.

शेवटी एकदा साहेब मोकळे सापडले आणि साक्ष लागली. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला. आमच्या बाजूनं त्यानं अशी साक्ष दिली की लिहून घेणारा कारकूनही मान वर करून ऐकू लागला. बापाची तिरडी, चार खांदे, बाजूनं चाललेली माणसं, पावलागणिक सगळी वाट त्यानं डोळ्यांसमोर उभी केली. साहेब माझ्याकडे बघून समाधानानं हसले.

मग समोरचे वकील उठले. त्यांनी एकच कागद काढला.

"हा अंगठा तुमचा?"

"माजाच."

"यात लिहिलंय की तुमची आठवण गेलीय. दोन वर्षांपासून तुम्हाला काहीएक आठवत नाही. हे तुम्ही कोर्टाला लिहून दिलंत. खरं की खोटं?"

म्हाताऱ्यानं साहेबांकडे बघितलं. साहेब चष्मा पुसत होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी फाइलच्या दोरीची गाठ सोडत होतो. ती आधीच सुटलेली होती.

तो 'खोटं' म्हणाला असता, वकिलांनी लिहिलं असं म्हणाला असता, तर आमची दोघांची अब्रू तिथेच गेली असती, आणि माझी सनदही. म्हाताऱ्यानं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "वकिलांनी लिवलंय ना? मंग आसंल. ते शिकलेलं हाईत."

न्यायाधीशांनी सावकाश सांगितलं आणि कारकुनानं लिहून घेतलं: 'हे म्हणणे खरे आहे की मला स्मृतिभ्रंशाचा त्रास आहे.' खाली त्याचा अंगठा घेतला. त्यानं शाई केसांना पुसली.

साहेबांनी उठून फेरतपासणीत एक प्रश्न विचारला असता तर खुलासा झाला असता. साहेब बसल्या जागेवरून "काही नाही" म्हणाले. मी फाइलची दोरी पुन्हा बांधली. बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, "मी बराबर बोललू ना?" मी म्हणालो, "बरोबर बोललात." दावा फेटाळला गेला. निकालात होतं की वाटेबद्दल एकच साक्षीदार आहे आणि त्याची आठवण त्याच्याच कबुलीनुसार भरवशाची नाही. त्यात चूक काय होती? निकाल अगदी कायदेशीर होता.

त्या आठवड्यातही माझं सदर छापून आलं. विषय दुसरा होता. लोक हसले.

दीड वर्षानं म्हातारा गेला. झोपेत गेला, आजारपण नाही, काही नाही. साहेबांनी मला घणसोलीला पाठवलं, ऑफिसतर्फे कोणीतरी असावं म्हणून. मी पोचलो तेव्हा दारात तिरडी बांधून तयार होती आणि माणसं बोळीच्या तोंडाशी खोळंबली होती. चुलतभाऊ पुढे आला, म्हणाला, "माज्या खोलीतून न्या. भाडेकऱ्यांना भायेर काढतंय." तशी म्हाताऱ्याची बायको उंबऱ्यावरून ओरडली, "कोर्टानं सांगितलंय ना वाट नय? नय तं नय. या बोळीनूनच न्या त्याला."

बांधलेली तिरडी सोडली. दोघांनी म्हाताऱ्याला दोरीनं फळीला आवळलं, आणि एक पुढे, एक मागे असं उभ्यानं बोळीतून नेलं. वळणावर तो भिंतीला घासत गेला. रस्त्यावर आणून त्याला पुन्हा तिरडीवर बांधला, तेव्हा कुठे चार खांदे लागले. मी खांदा द्यायला पुढे झालो नाही.

बायका मागे थांबल्या होत्या. मी निघायच्या आधी म्हातारीसमोर जाऊन उभा राहिलो. मी कोण हे तिनं कोणाला तरी विचारलं, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमी व्हयं ते," ती म्हणाली. "लय नाव काढायचा तुमचा. दर तारकेला येऊन सांगायचा, वकील माज्या तबेतीचं लिवतान. घरची पोरा पन येवरी इचारपूस करीत नय."

मी हो म्हणालो. मग बस पकडून वाशीला आलो.