शिवू नका, पण कंबर दाबा!

दवाखान्यात नोकरी केली की पैसा साठत नाही, किस्से साठतात. बोहारणीच्या गाठोड्यासारखे. उचलवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. मी तर आता सांगूनसुद्धा दमले. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत शिकून आलेल्या आमच्या डॉक्टरांनी बोईसर स्टेशनजवळ दवाखाना टाकला. गोळी नाही, सुई नाही, नुसते पाठीचे मणके दाबायचे. त्याला म्हणे कायरोप्रॅक्टिक म्हणतात! पाळीच्या दुखण्यावरही ते चालतं, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं. मी तिथली नर्स. मत त्यांचं, मनस्ताप माझा!

*

पाळीत बाईला शिवायचं नाही. मग न शिवता कंबर दाबायची कशी? त्यात डॉक्टर पुरुष!

पहिली बाई आली जवळच्या पाम गावची. डॉक्टर पुढे सरकले, तसा तिचा नवराच आडवा आला. शेवटी ठरलं की मी दाबायचं आणि डॉक्टरांनी पडद्याबाहेरून सांगायचं.

"जरा खाली... डावीकडे... आता जोर!"

मी जोर दिला. बाई म्हणाली, "आई गं!"

बाहेरून नवरा ओरडला, "डाक्टर, तुमी नाय ना हात लावला?"

"अहो, मी तुमच्याच शेजारी बसलोय!" डॉक्टर म्हणाले.

*

या सगळ्यात माझा जीव अडकला होता तो कुसुममध्ये. आमच्याच चाळीतली, साताऱ्याकडची पोर. नवरा केंद्रावर फिटर. दर महिन्याला कळा सुरू झाल्या की बिचारी मागच्या पडवीत गोणपाटावर मुटकुळं करून पडायची. सासू म्हणायची, "नाटकं हायती! दर म्हैन्याला निजणारी सून काय कामाची? बापाला बोलावून घेते आन् कायमची धाडते माहेरी."

नवरा जेवून कामावर निघून जायचा. मी म्हटलं, दवाखान्यात नेते. तर सासू म्हणे, पाळीत उंबरा ओलांडायचा नाही. मग मीच घरी येऊन दाबते म्हटलं. "तुम्ही शिवलात तर आमच्या नळावर येऊ नका!" झालं. मला फार वाईट वाटायचं, पण करणार काय?

*

इकडे टेबलाचा घोळ सुरू झाला. डॉक्टरांनी बोटीने आणलेलं ते टेबल, तोंडासाठी भोक असलेलं. एक धिप्पाड मुकादम कंबर धरून आला, त्यावर पालथा पडला आणि भोकातूनच विचारलं, "इस पे औरतें भी लेटती हैं क्या? उन दिनों में?"

डॉक्टर खरं बोलणारे. हो म्हणाले.

ज्याला वाकता येत नव्हतं तो मुकादम टुणकन उडी मारून खाली! डॉक्टर खूश. "बघा, कंबर सुटली!"

तेव्हापासून प्रत्येक बाईनंतर टेबल धुवायचं काम माझ्याकडे आलं. धुऊन धुऊन माझीच कंबर धरली. ती कोण दाबणार?

*

घिवली गावची जानकी मासे विकायला यायची. पोटात कळ आली की टोपली दारात ठेवून सरळ आत.

"तुला बाजूला बसवत नाहीत का गं?" मी विचारलं.

"आमी बाजूला बसलो तर मासं कोन विकल? तुमी दाबा बाय, पन लवकर. बोंबील नरम हाय."

दाबून झालं. डॉक्टरांनी पडद्याबाहेरून विचारलं, "उतार पडला?"

"पडला. तुमच्या मनक्यानं पडला का घडीभर निजाला मिललं म्हनून पडला, ता देवाला ठावं!"

डॉक्टर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जणू मीच म्हणाले होते!

*

एक वेल्डर आला. "पाळीच्या आधी बायको भांडी आपटते, रडते. तिचा कुठला मणका दाबायचा?"

डॉक्टरांनी विचारलं, "त्या दिवसांत तुम्ही काय करता?"

"मी? मी पत्ते खेळायला जातो."

डॉक्टरांनी त्यालाच टेबलावर झोपवलं.

*

आणि एका संध्याकाळी मी घरी आले, तर कुसुमच्या दारात तिचा बाप बसलेला. शेजारी तिची ट्रंक बांधून तयार. आतून कुसुमचं कण्हणं ऐकू येत होतं. जरा उतार पडला की निघायचं, असं ठरलेलं. माहेरी धाडताना मात्र उंबरा आड येत नव्हता!

बाप खाली मान घालून म्हणाला, "हिची आईबी अशीच लोळायची."

सासूने विचारलं, "मग तुम्ही काय करायचा?"

"म्या? म्या रानात निघून जायचो."

सासूने त्याला एकदा नखशिखान्त न्याहाळलं आणि पदर खोचला. मग मला म्हणाली, "बाई, कुठं दाबायचं?"

मी चपला काढून पुढे झाले.

"तुम्ही शिवू नका. तिथनंच सांगा."

मी पडवीच्या दारात उभी राहिले. "जरा खाली... डावीकडे... आता जोर."

म्हातारी गोणपाटावर बसली आणि दाबत राहिली. अंधार पडला तरी उठली नाही. तिचा मुलगा केंद्रावरची पाळी संपवून आला. चूल थंड बघून म्हणाला, "आई, जेवाण?"

हात न थांबवता ती म्हणाली, "मी शिवलीया. चार दिस चूल तुझी. पाहुण्यांस्नी पिठलं कर. आन् ती ट्रंक आत ठिव."