चुलीमागे एक शब्द

मागच्या खेपेला लक्ष्मीची जत्रा ठरवताना गावाने अचाट पराक्रम केला होता. देवळात बैठकांवर बैठका झाल्या, सगळे बेंबीच्या देठापासून ओरडले आणि घरी जाताना प्रत्येक गल्ली आपल्या सोयीचा मंगळवार घेऊन गेली. अर्ध्या गावाने पै-पाहुणे एका मंगळवारी बोलावले, अर्ध्याने पुढच्या. पाहुणे शहाणे, त्यांनी दोन्ही मंगळवार पाळले.

रचना तेव्हा परकरातली पोर. आता ती बेळगावच्या खडेबाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर ब्लॉकचेनच्या कंपनीत जाते. काय करतेस गं, असं कुणी विचारलं की म्हणायची, एकमेकींना न ओळखणाऱ्या मशिनींचं एकमत करते. त्यावर तिची काकू अक्काताई म्हणे, "मग आधी आमच्या घरातल्या जावांचं कर की."

काम समजायला तसं अवघड नाही. नोंद एकाच्याच पेटीत राहिली की पेटीवाल्याचा रुबाब वाढतो. म्हणून तीच नोंद सगळ्या मशिनींत ठेवायची. नवं काही लिहायचं झालं तर त्यांनी एकमेकींना विचारायचं, आणि तीन वाट्यांतल्या दोन वाट्यांहून जास्त जणींचं जुळलं तरच लिहायचं. एखादी बंद पडली, एखादीने थाप मारली, तरी बाकीच्यांचं अडत नाही. आणि एकदा लिहिलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता येत नाही.

यंदा रचनाला घाई होती. जत्रेचा नारळ फुटला की देवी गदग्यावर, म्हणजे जत्रेच्या चौथऱ्यावर, बसून परत उठेपर्यंत गावात लग्नाचा मांडव घालायचा नाही, ही इथली रीत. नारळ फुटून बसला होता आणि साल ठरत नव्हतं. रचनाचा साखरपुडा झालेला, मुलगा बोरगावचा, साईराज नावाचा. जत्रा यंदाच्या वैशाखात झाली तर ज्येष्ठात लग्न. नाहीतर वर्षभर फोनवरच संसार.

तेव्हा तिनेच पंचांना गळ घातली. गल्ल्या नऊ, तर प्रत्येक गल्लीचा एक फोन. गावची जुनी रीतच धरायची, चुलीमागे एक शब्द. घरं किती ते विचारायचं नाही, चुली किती ते विचारायचं. यंदा की पुढच्या साली, जिकडे चुली जास्त तो शब्द गल्लीच्या फोनात, आणि नऊ फोनांतल्या सातांचं जुळलं की जत्रा पक्की. पंचांना भांडणाचा कंटाळा आला होता, ते हो म्हणाले.

आणि मग काय, गावाला चुलींचं पीक आलं! माणसं तेवढीच, घरं तेवढीच, चुली मात्र रोज वाढत चालल्या. गॅस आल्यापासून ज्यांनी राख बघितली नव्हती त्यांनी गोठ्यात तीन दगड मांडले. सख्खे भाऊ सकाळी वेगळे निघाले आणि दुपारी एका ताटात जेवले. एकीने तर एकाच चुलीचे चार बाजूंनी फोटो पाठवले, तिसऱ्यात मांजर होतं, चौथ्यातही तेच मांजर.

रचनाने कपाळाला हात लावला आणि नवा नियम काढला. प्रत्येक चुलीने दुपारी देवळात एक ताजी भाकरी आणून दाखवायची. ती पंचांना म्हणाली, "आमच्याकडं पण नव्या मशिनीला कधी कधी आधी घाम गाळाय लावत्यात, मगच तिचा शब्द धरत्यात."

त्या दिवशी देवळात असा घमघमाट सुटला की देवीलाही भूक लागली असेल. सहा गल्ल्या यंदाच म्हणून बसल्या होत्या, दोन पुढच्या साली म्हणत होत्या, घरं रंगवून व्हायची नाहीत म्हणून. काठावर राहिली ती रचनाची स्वतःची गल्ली. तिथे यंदाची पुढारी अक्काताई आणि पुढच्या सालची पुढारी समोरची मालुबाई. दोघींचं हसणं गोड आणि टोपल्या जड.

अक्काताई दोन जावांना घेऊन आली. तीन चुली, तीन भाकऱ्या. रचनाने पहिली उचलली, दुसरी उचलली, मग तिसरी उजेडाकडे धरली. तिन्हींच्या कडेला तीच काळी चंद्रकोर. काकूचा तवा एका अंगाला कलतो, आणि दात आल्यापासून रचना ती चंद्रकोर खात आली होती. पंचांना काय कळणार होतं? गप्प राहिली असती तर ज्येष्ठातला मांडव पदरात होता. काकू डोळ्यांनी खुणा करत होती, गप ऱ्हा, गप ऱ्हा.

रचनाने एक भाकरी ठेवली, दोन परत दिल्या. "काकू, ही चूल एकच हाय."

"अगं शहाणे, तुझ्याच लग्नासाठी तीनदा धूर खाल्ला मी."

"म्हणून तर, काकू. माझं लग्न थापेवर नको."

मालुबाईला आनंद मावेना. तिने आपली टोपली ऐटीत पुढे सरकवली. शेजारच्या रुक्माबाईने सहज हात घातला आणि म्हणाली, "व्हय गं मालू, ह्या गार कशा?" बघतात तर खाली बेळगावच्या खानावळीचा कागद. मालुबाईने तोंडाला पदर लावला, सगळ्यांना वाटलं रडते, तर ती गदागदा हसत होती. ती हसली तशी अक्काताई फुटली, मग अख्खं देऊळ. हसता हसता एकेक जण खोट्या चुली परत न्यायला लागला. आमच्या गोठ्यातली काढ, आमची परड्यातली काढ. चुली पुन्हा पहिल्याएवढ्या झाल्या आणि भाकऱ्या पिठल्याबरोबर तिथंच फस्त झाल्या.

मग खऱ्या चुलींचा शब्द घेतला. रचनाची गल्ली एका चुलीने यंदाकडे झुकली. फोन एकमेकांना विचारू लागले. एक मात्र बोलेना. वरच्या गल्लीचा परशराम फोन खिशात घालून निपाणीच्या बाजाराला गेलेला, आणि फोन मेलेला. एक पंच म्हणाला, थांबूया. रचना म्हणाली, एकासाठी आठ जण कशाला उपाशी? आणि तेवढ्यात आठ फोन एकदम वाजले. सात यंदा, एक पुढच्या साली. जत्रा पक्की. कुणीतरी ढोलावर टिपरू मारलं.

परशराम दिवेलागणीला आला, फोन चार्जिंगला लावला, तर त्यात सगळं आपसूक लिहून आलेलं. त्याने देवळापर्यंत येऊन तणतण केली, मला न इचारता कसं? आणि मग आपल्या पाहुण्यांना वैशाखाचं आवतण धाडायला तोच सगळ्यांत पहिला बसला.

रचनाने बोरगावला फोन लावला. साईराजला खरं वाटेना. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, नक्की का, उद्या कुणी फिरवलं तर?

"लिहून झालंय," ती म्हणाली. "आता मला पण खोडता येत न्हाय, तुम्हाला पण न्हाय."

मग त्याने फोन आईकडे दिला, आणि आईने नमस्कार-चमत्कार न करता थेट मांडव किती खणांचा घालताय ते विचारलं. रचनाने काकूला हाक मारली. अक्काताई पदराला हात पुसत आली, फोन कानाला लावून ओट्यावर ऐसपैस बसली, आणि तो मांडव तासभर वाढतच गेला.