कूस पालटा

आमच्या घरात घोरणं ही अभिमानाची गोष्ट होती. अर्थात पुरुषांचं. अकोल्याच्या घरात बाबा घोरू लागले की ओट्यावर बसलेले शेजारी म्हणायचे, "झोप असावी तं अशी." दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये राबलेल्या माणसाला गाढ झोप लागते याचं सगळ्यांना कौतुक. आईचं अंथरूण त्यांच्या बाजेला लागून असे. मधेच घोरणं थांबलं की आई हात लांबवून बाज हलवायची, "कूस पालटा" म्हणायची. बाबा मोठ्यानं श्वास ओढायचे आणि गाडी पुन्हा सुरू. आम्हा दोघा भावंडांना हे इतकं सवयीचं होतं की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही.

मी घोरायला लागले तेव्हा मात्र कौतुक करणारं कुणी नव्हतं. बाईमाणसानं घोरायचं म्हणजे लाजच. अमरावतीच्या आमच्या शाळेतल्या शिक्षिका दोन दिवस सेमाडोहच्या जंगलात सहलीला निघाल्या, तर मी पाय दुखतो म्हणून घरी राहिले, कारण सगळ्या एकाच खोलीत झोपणार होत्या. दिवसा खुर्चीत बसलं की डोळा लागायचा. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता डुलकी आली आणि खडूची रेघ तिरपी खाली घसरत गेली. मुलं हसली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली, तेव्हा मी घाबरले. नवऱ्यानं शेवटी माझं काही न ऐकता डॉक्टरांकडे नेलं.

अंगभर वायरी लावून एक रात्र तपासणी झाली. झोपेत माझा घसा मिटत होता, श्वास अडत होता, आणि जीव दचकून पुन्हा वर येत होता, रात्रभर. मग सीपॅप मशीन घरी आलं. नाकावर मास्क, त्याला लांब नळी, नळीतून हवेचा सततचा दाब. सुरुवातीला मला त्या मास्कमध्येच गुदमरल्यासारखं व्हायचं. चिडून मी तो उशाशी फेकायचे आणि नवरा तो उचलून पुन्हा हातात द्यायचा. मुलगा म्हणाला, "मम्मी, विमान कधी उडवतेस?" मला मुळीच हसू आलं नाही. पण एका सकाळी उठले तर डोकं दुखत नव्हतं, तोंड कोरडं पडलं नव्हतं. झोप म्हणजे काय हे मी विसरूनच गेले होते. पलंगावर बसून मी पोटभर रडले.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "वडील घोरायचे?"

"खूप," मी जवळजवळ मिरवतच सांगितलं.

"गेले कसे?"

"झोपेत."

आता त्याबद्दल खात्रीनं काहीच सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण भाऊबहीण असतील तर त्यांची तपासणी नक्की करून घ्या.

बाबा गेले तेव्हा घरी एकटेच होते. भाऊ शिकायला दर्यापूरला मामाकडे होता. आणि आई माझ्या बाळंतपणासाठी अमरावतीला आलेली होती. बाळाला घेऊन आम्ही दवाखान्यातून घरी आलो, त्याच रात्री ते गेले. भेटायला आलेला जो तो म्हणाला, "पुन्यवान मानूस, झोपेत गेला." त्या एका वाक्यावर आईनं इतकी वर्षं काढली, असं मी धरून चालले होते.

माझा भाऊ अकोला ते दर्यापूर काळीपिवळी चालवतो. जीपमध्ये माणसं कोंबून भरलेली असतात. आणि तो थेट बाबांसारखा घोरतो. फोनवर मी तपासणीचं काढलं की हसायचा. "मले काय झालं ताई? मस्त झोपतो मी." बाबांचं नाव काढल्याशिवाय तो हलणार नाही हे मला कळत होतं. पण ते नाव काढायचं म्हणजे आईला सांगायचं, की तू बाज हलवायला नव्हतीस म्हणून ते गेले. माझी जीभ रेटेना. महिने असेच गेले, आणि रात्री उशिरा फोन वाजला की भावाचंच काही असेल म्हणून मी धावत जाऊन उचलायचे.

अक्षय्य तृतीयेला मी अकोल्याला गेले. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. भावजय तिच्या माहेरी गेली होती. बाबांच्या नावाची घागर झाली, आमरस, पोळ्या, कुरड्या झाल्या, आणि अकोल्याच्या त्या भट्टीत भाऊ कूलरसमोर बाजेवर आडवा झाला. आई खाली भिंतीला टेकून बसली होती, मी तिच्या शेजारी.

लाइट गेली. कूलर बंद पडला आणि खोलीत फक्त भावाचं घोरणं उरलं. मग तेही थांबलं. त्याची छाती वर येईना. मी उठणार तोच आईनं न बघता हात लांबवला आणि बाज हलवली.

"कूस पालट रे."

त्यानं आचका देऊन श्वास घेतला. आईचा हात तसाच बाजेच्या कडेवर होता.

"तुह्या मशीनीचा जो आजार हाये," ती म्हणाली, "तो तुह्या बाबाले होता ना?"

"डॉक्टर म्हणाले, आता नक्की सांगता येत नाही."

"मले येते. मी नव्हती त्या राती गेले ते."

तिनंच भावाला हलवून उठवलं. "उद्या गाडी काढू नको. बहिणीसंग अमरावतीले जाय."

"काहून?"

"तुह्या बापासारखा झोपेत गेलेला मले तू नाई पाहिजे."

मग त्यानं फोन उचलला आणि जीपवर दुसरा ड्रायव्हर सांगितला. त्याचं मशीनही आता त्या बाजेपाशी असतं.

त्याच संध्याकाळी आई घागरीजवळचं आवरत होती. मी विचारलं, "एवढी वर्षं बोलली का नाहीस, आई?"

"बोलून काय करू? तुले सांगतलं असतं, तं तू आपल्या लेकराच्या वाढदिवसाले गोड खाल्लं असतं काय?"

माझ्या मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला अकोल्याहून एसटीनं डबा येतो. पुरणपोळ्या असतात, वर तुपाची वाटी घट्ट बांधलेली. त्या दिवशी ती स्वतः काय खाते, हे मला अजून ठाऊक नाही.