बोटींवरचं बोलणं

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पोर्टनॉकीत पोरगा पंधराचा झाला की बोटीवर जायचा. ॲलेक पिरीचा एक पाय लहानपणी तापात लुळा पडला, म्हणून तो गॅरेजात गेला. समुद्रावर न गेलेल्या पुरुषाला गावात कुणी टाकून बोलत नसे, पण फारसं विचारतही नसे.

भंगारात आलेल्या मोटारींचे रेडिओ तो काढून ठेवी. एकदा चाळा म्हणून त्यातल्या एका रेडिओच्या कॉईलचे काही वेढे त्याने उलगडले. जिथे नुसती खरखर असायची, तिथे मासेमारी बोटींचं आपापसातलं बोलणं ऐकू आलं. त्याचा थोरला भाऊ डॉड दुसऱ्या बोटीच्या तांडेलाला मनसोक्त शिव्या घालत होता.

तो रेडिओ ॲलेकने डॉडच्या बायकोला, लिझीला दिला. गाडीच्या जुन्या बॅटरीवर तो तिच्या चुलीपाशी चालू लागला. मग शेजारणीही तसाच रेडिओ मागायला आल्या. दोन वर्षांत अकरा घरांत बायका बटाटे सोलता सोलता नवऱ्यांची खबर घेऊ लागल्या. जाळ्यात काय आलं, कुणाचं इंजिन रुसलं, सगळं कळायचं. उलट बोलायची सोय मात्र त्यात नव्हती.

१९६१च्या जानेवारीत भर दुपारी वादळ उठलं. गॅरेजातल्या रेडिओवर डॉडचा आवाज आला. केबिनच्या काचा फुटल्या होत्या, इंजिनात पाणी शिरलं होतं. आपण कुठे आहोत ते तो शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होता. सगळ्यांत जवळची बोट तीन तासांवर होती.

ॲलेक पाय ओढत चढ चढला. बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं होतं, पण लिझीकडे कुणी गेलं नव्हतं. तिचा रेडिओ बंद असेल, अशी जी ती आशा करत होती.

तो बंद नव्हता. पिठाचे हात मांडीवर ठेवून लिझी त्याच्यासमोर बसली होती. ॲलेकने बॅटरीची वायर धरली.

"हात काढ," ती म्हणाली.

"नको ऐकूस, लिझी."

"तो बोलतोय ना अजून? मग मी उठू कशी?"

ॲलेक तिच्या बाजूला बसला. वीसेक मिनिटं गेली. डॉडने तिचं नाव एकदाही घेतलं नाही, तो बोटीची जागाच सांगत राहिला. मग एका आकड्याच्या मध्येच आवाज तुटला. दुसऱ्या बोटी अंधार पडेपर्यंत त्याला हाका मारत होत्या.

डॉडच्या बोटीवरचे सहाही जण गेले. एकाचंही प्रेत मिळालं नाही.

त्या आठवड्यात चार बायकांनी रेडिओ परत आणले. ॲलेकने काही न विचारता वेढे पुन्हा घातले; आता त्यांवर बोटी ऐकू येणार नव्हत्या. नवा रेडिओ त्याने कधी केला नाही. लिझीने मात्र आपला ठेवून घेतला. तिची बॅटरी दर पंधरवड्याला तोच भरून वर नेई. एकदा न राहवून त्याने विचारलं, आता कुणाचं ऐकतेस.

"ज्यांनी रेडिओ परत केले, त्यांच्या नवऱ्यांचं," लिझी म्हणाली. "काही झालंच, तर त्यांच्याकडे मी जाईन."

पुढच्या नऊ वर्षांत तिला दोनदा जावं लागलं.