पायथनची पाटी मी फिरवली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं माझीच फजिती आहे, तवा चहा नाकात गेला तर मी जबाबदार न्हाई.

शिरूरच्या एका कॉलेजात मी संगणकाच्या खोलीचा शिपाई होतो. शाळा सातवीपर्यंत, पण सरांच्या मागं उभं राहून चार कमांडी पाठ केलेल्या. पोरं मला मामा म्हणायची, आन् मी एकालाही खोडी काढल्याशिवाय सोडायचो न्हाई.

न्हावऱ्याची रेखा माझी लाडकी. रोज एसटीनं यायची, म्हणून प्रोजेक्टही एसटीचाच केला. गावाचं नाव टाकलं की पुढची गाडी कवा, ते संगणक सांगायचा. पास झाली तर सणसवाडीच्या कंपनीत मुलाखत. नापास झाली तर वडील म्हणायचे, घरी बस.

तिचा प्रोग्राम पायथन नावाच्या भाषेत. त्या भाषेची तिसरी आवृत्ती तेव्हा नुकतीच आली होती. सरांनी ती जुनीच्या शेजारी बसवली, पण नुसतं ‘पायथन’ म्हटलं की जुनीच ओ द्यायची. नवीला ‘पायथन तीन’ अशी आकड्यासकट हाक मारावी लागायची. आता सांगा, नवा सरपंच निवडून आला आन् गाव अजून जुन्यालाच सरपंच म्हणतंय, हा काय न्याय झाला?

म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी मी गुपचूप नावाची पाटी नवीकडं फिरवली. आता ‘पायथन’ म्हटलं की नवीच येणार. म्हटलं, पोरीचा प्रोजेक्ट ताज्या मालावर पळू दे, खूश होईल.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे परीक्षक आले. रेखानं कमांड दिली. पहिल्याच ओळीला एरर.

“काल चालत होतं, सर,” ती म्हणाली.

“काल सगळ्यांचंच चालत असतं,” परीक्षक म्हणाले आन् पेन उचललं.

पोरीनं तीच कमांड पुन्हा दिली, पुन्हा तीच एरर. मी पुढं सरकलो. “रेखा, ते आता नव्यावर चालतंय गं. म्या फिरवलं.”

सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली.

रेखानं डोळे मिटले, उघडले. “मामा, जुनं पुसलं तर न्हाई ना?”

“न्हाई गं. नुसती पाटी बदलली.”

तिनं जुनीला आकड्यासकट हाक मारली. पडद्यावर न्हावऱ्याची गाडी आली.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “हे असं का झालं, सांग बघू.”

मग पोरीनं असं समजावलं, की मलासुद्धा कळलं. नवीसाठी काही ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात. म्हणून हाक कुणी ऐकायची, हे न विचारता बदलू नये. “आन् मला कुठली आवृत्ती लागते, ते म्याच आकड्यासकट लिहून ठेवायला पायजे होतं,” म्हणाली. माझं पाप निम्मं स्वतःवर घेतलं पोरीनं. मी खिडकीकडं तोंड करून उगाच काच पुसत बसलो.

पास झाली. महिन्याभरानं पेढे घेऊन आली.

“नोकरी लागली, मामा. मुलाखतीत सायबांनी विचारलं, प्रोजेक्टात सगळ्यात मोठी अडचण कोणती आली?”

“मग काय सांगितलंस?”

“तुमचं नाव.”

“आन् सायब?”

“म्हणाले, आमच्याकडं असे तिघं हायेत. सांभाळता येत असतील तर सोमवारपासून या.”